घाटात टर्बो गाडीचा दम पुन्हा पुन्हा जातो: दुरुस्ती करायची, ताकद वाढवायची की गाडीच बदलायची?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंडाळा मागे पडलं, खंबाटकीचा चढ लागला, की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर हे हमखास व्हायचं. पुढे उसाचा ट्रक. त्याला ओलांडायला तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबायचा आणि गाडी मध्येच हात आखडता घ्यायची. धक्का नाही, आवाज नाही, इंजिन बंद पडणं नाही. एसी चालू, गाणी चालू, फक्त उचल गेलेली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, आरशात मागचा कंटेनर मोठा मोठा होत चाललेला, आणि आपण ट्रकच्या बरोबरीने अर्धवट अडकलेले. त्या चार-पाच सेकंदांत पोटात जो गोळा येतो तो अनुभवल्याशिवाय कळायचा नाही.

बाजूला घेऊन चावी फिरवून गाडी बंद-चालू केली की पुन्हा ठणठणीत. चौदा महिन्यांत हे सात वेळा झालं.

गाडी २०१४ च्या पासिंगची. १.८ लिटर टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा), डायरेक्ट इंजेक्शन, मॅन्युअल गिअरबॉक्स, १,१२,००० किलोमीटर झालेले. मी ती सेकंडहँड घेतली आणि माझा तिच्यावर फार जीव आहे, म्हणूनच या प्रकरणाचा छडा लावायला एवढा वेळ दिला. तुमची गाडी वेगळी असेल, पण छोटं टर्बो इंजिन, दहा वर्षांच्या आसपासचं वय आणि अधूनमधून जाणारी ताकद हे तिन्ही जुळत असेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

मला तीन सल्ले मिळाले होते. पुण्यातल्या एका वर्कशॉपने टर्बो बदलायला सांगितलं आणि १,८५,००० रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं. गाड्यांच्या नादी असलेल्या मित्राने सांगितलं, एवढे पैसे घालतोच आहेस तर मोठा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) बसव, रीमॅप कर (संगणकातला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढव), गाडी वेगळीच होईल. घरच्यांनी सांगितलं, विकून टाक, लेकरं बसतात गाडीत. तिघंही मनापासून बोलत होते. पण गाडीला झालंय काय हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. दुखणं सापडायच्या आधी यातला कुठलाही निर्णय घेतला असता तर तो चुकला असता, हे आज मी खात्रीने सांगू शकतो. कसं ते सांगतो.

कोड काय म्हणतो आणि काय म्हणत नाही

स्कॅनर लावला की दर वेळी एकच कोड यायचा: पी०२९९. टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. गाडीचा संगणक ठरवतो की या क्षणी इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, अमुक दाब हवा, सेन्सर प्रत्यक्षातला दाब मोजतो, आणि दोन्हींतला फरक काही काळ टिकला की संगणक कोड नोंदवून इंजिन जपण्यासाठी दाब आणखी खाली आणतो. यालाच सगळे लिंप मोड म्हणतात. अंगात ताप आहे एवढंच हा कोड सांगतो. ताप कशाचा, ते तुम्ही शोधायचं.

कारणं पुष्कळ असू शकतात आणि ती स्वस्ताकडून महागाकडे तपासायची असतात. तुंबलेला एअर फिल्टर. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून थ्रॉटलपर्यंतच्या नळ्या आणि त्यांच्या क्लिपा. पाय उचलल्यावर जास्तीचा दाब सोडणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्वमधला फाटलेला पडदा. वेस्टगेट (टर्बोला टाळून जास्तीचा धूर बाजूने सोडणारी वाट) चालवणारा सोलेनॉइड आणि त्याच्या पेन्सिलीएवढ्या बारीक नळ्या. खुद्द दाबाचा सेन्सर. तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. वेस्टगेटची झिजलेली झडप. आणि या सगळ्यांच्या शेवटी टर्बोची शाफ्ट. वर्कशॉपमध्ये हा क्रम बरेचदा उलटा होतो, कारण टर्बो बदलला की त्यासोबत अर्ध्या नळ्या आणि गॅस्केटही नवी बसतात आणि तक्रार कधी कधी त्यामुळेच मिटते.

टर्बोची शाफ्ट बघायला टर्बो उतरवावा लागत नाही. इंजिन गार असताना टर्बोच्या तोंडाची नळी काढायची, बोट आत घालून मधला नट चिमटीत धरायचा. आडवा किंचित हलला तर चालतं, तेल भरल्यावर तो खेळ जातो. आत-बाहेर हलता कामा नये, आणि पंख्याची पाती कवचाला घासल्याच्या खुणा दिसता कामा नयेत. माझी शाफ्ट आत-बाहेर अजिबात हलत नव्हती. १,८५,००० च्या एस्टिमेटवर सही करायच्या आधी ही दोन मिनिटांची तपासणी कुणीच केली नव्हती याचं मला अजून वाईट वाटतं.

तोवर माझे ३१,००० रुपये खर्च झाले होते. दाबाचा सेन्सर, डायव्हर्टर व्हॉल्व, चारही कॉइल आणि प्लग. प्रत्येक पार्ट बदलल्यावर महिना-दीड महिना बरा जायचा आणि मला वाटायचं, मिटलं. खरं म्हणजे त्या महिन्यात मी पूर्ण भाराने घाट चढलोच नव्हतो एवढंच.

आकडे धावत्या गाडीतले हवेत

उभ्या गाडीत, गॅरेजच्या सावलीत, हा दोष सापडत नाही. म्हणून ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकाचे आकडे मोबाईलवर पाठवणारा छोटा प्लग) घेतला, आणि संगणकाने मागितलेला दाब व मिळालेला दाब दोन्ही दाखवणारं ॲप मोबाईलवर टाकलं. रविवारी सकाळी बायकोला शेजारी बसवून कोंढव्याहून बोपदेव घाटात गेलो. मी रस्त्याकडे बघायचं आणि तिने आकडे वाचायचे.

पहिल्या फेरीत सगळं जुळत होतं. मागणी १.७ बार (वातावरणाचा दाब धरून), मिळतंय १.७. दुसऱ्या फेरीतही तेच. परत फिरताना कोंढव्यात लग्नाच्या वरातीमुळे अर्धा तास अडकलो, इंजिन आणि बॉनेटखालची हवा तापली, आणि आम्ही पुन्हा घाटाकडे वळलो. तिने वाचलं, "मागतोय एक पॉइंट बहात्तर, मिळतंय एक पॉइंट अडतीस. आता अजून कमी झालं. दिवा लागला बघ."

त्या एका वाक्याने शोधाची दिशा मिळाली. गार असताना ठीक, तापल्यावर कमी. सेन्सर बिघडला असता तर आकडा असा शिस्तीत घसरला नसता. टर्बोची पाती झिजली असती तर गार असतानाही दाब अपुराच राहिला असता. उष्णतेने ढिलं काय पडतं? रबर.

दुसरी खूण मागच्या बंपरवर होती. सायलेन्सरच्या तोंडाजवळ काजळी. ज्या गाड्यांत हवेचं मोजमाप एअर फिल्टरनंतर लगेच होतं, त्यांत मोजलेली हवा पुढे वाटेत निसटली की इंजिनाला त्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल मिळतं, पण हवा मिळत नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि जोर लावल्यावर काळा धूर येतो. फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्याचे, आकडे वाचताना मात्र पेट्रोल लक्षात ठेवा. शुद्ध पेट्रोलला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई१० ला (१० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) १४.१ च्या आसपास आणि ई२० ला (२० टक्के) साधारण १३.५. म्हणजे ई१० वरून ई२० वर आलेली गाडी नुसत्या इंधनामुळे सुमारे ४ टक्के जास्त पेट्रोल ओतताना दिसते. तेवढ्यावरून इंजेक्टर किंवा पंप बदलायला धावू नका.

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर

पुण्यात धुराची टेस्ट झाली होती आणि "लीक नाही" असा निकाल आला होता. तो कागद घेऊन मी कोल्हापूरला आमच्या मेस्त्रींकडे गेलो. माझ्या वडिलांची गाडीही तेच बघायचे. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "धूर किती दाबानं सोडला हुता?" मला सांगता आलं नाही. धुराचं मशीन अगदी हलक्या दाबाने धूर सोडतं. घाटात त्याच नळीत वातावरणाच्या वर पाऊण बारच्या आसपास दाब असतो. हलक्या दाबाला मिटलेली राहणारी चीर तिथे उघडते.

त्यांचं हत्यार म्हणजे प्लंबिंगच्या दुकानातली पीव्हीसीची जाड एंड कॅप, तिला भोक पाडून बसवलेला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व आणि कॉम्प्रेसरला रेग्युलेटर. एअर फिल्टरकडची नळी काढून कॅप टर्बोच्या तोंडाला क्लिपेने आवळली. दाब एक बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि कॅपच्या समोर उभं राहायचं नाही, ती सुटली तर गोळीसारखी येते. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. झडपांमधून थोडी हवा आत जाते, तिचा हलका सुस्कारा सोडला तर काही नाही. एकही बुडबुडा आला नाही.

"आता गाडी तापवून आणा. शिरोलीपतोर जावा नि या. बॉनेट उघडू नका मधी."

आलो. पाच मिनिटांच्या आत पुन्हा कॅप बसवली, हवा सोडली, आणि बंपरच्या मागून सायकलची ट्यूब सुटावी तसा आवाज आला. मेस्त्रींनी खाली झोपून टॉर्च मारला आणि मला खाली बोलावलं. इंटरकूलरहून वर येणाऱ्या रबरी नळीच्या पोटाला, क्लिपेच्या कडेला लागून, अंगठ्याच्या नखाएवढी चीर होती. गार असताना तिच्या कडा अशा मिटायच्या की नख फिरवूनही लागायची नाही. पण तिच्या खाली बंपरच्या आतल्या बाजूवर तेलाचा काळपट डाग होता, त्यावर धूळ बसून त्याचा लेप झाला होता. टर्बोतून येणाऱ्या हवेत तेलाचा अंश थोडासा असतोच. हवा जिथून निसटते तिथे तो साचतो. मेस्त्रींनी बोटाने लेप खरवडून दाखवला. "टर्बोला हात लावू नका. ह्यो डाग वरीसभराचा हाय."

नळी ६,८०० रुपयांची. मी आनंदाने पैसे काढायला लागलो, तर त्यांनी थांबवलं. "नळी फाटली का, ते नको का बघायला?" मला गाडीत बसवून, हँडब्रेक ओढून, क्लच जेमतेम धरून किंचित सोडायला लावला आणि स्वतः बाजूला उभे राहून इंजिनाकडे बघत राहिले. इंजिन मागे-पुढे डोलत होतं, नको तेवढं. खालच्या माउंटिंगचं, इंजिनाला मागे धरून ठेवणाऱ्या टॉर्क रॉडचं, रबर पार फाटलं होतं. जोर लावला की इंजिन झुलायचं आणि दर वेळी तीच नळी ताणली जायची. नळी एकटी बदलली असती तर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तिथेच फाटली असती. माउंटिंग ४,२०० रुपयांचं.

इथे मित्राचा सल्ला आठवून अंगावर काटा आला. रीमॅप म्हणजे टॉर्क, इंजिनाचा फिरवण्याचा जोर, वाढवणं. फाटक्या माउंटिंगवर आणि चिरलेल्या नळीवर मी आणखी टॉर्क घालणार होतो. संगणकाला दाब कमी पडतोय असं दिसलं की तो वेस्टगेट मिटून टर्बोला अधिक जोरात फिरवतो. हवा गळत असताना वरची मागणी वाढवली तर धडधाकट टर्बो वेगाच्या मर्यादेबाहेर जाऊन खरोखरच संपू शकतो. मग वर्कशॉपचं एस्टिमेट अचूक ठरलं असतं.

मूळ प्रश्न खरं म्हणजे इथे सुरू झाला

११,००० रुपयांत घाटाचा त्रास गेला. पण गाडी खोललीच आहे तर इंजिनाची खरी अवस्था बघून घ्या, असं मेस्त्रींचं म्हणणं पडलं, आणि ते मला फार पटलं. दहा-बारा वर्षांच्या गाडीत पैसे घालायचे की नाहीत हे याच तपासणीवर ठरायला हवं.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला ११.२ ते ११.६ बारच्या दरम्यान आलं. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. त्या आकड्याइतकंच महत्त्वाचं हे की चौघंही एकमेकांच्या जवळ असावेत. त्यानंतर लीकडाउन. सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के निसटते ते मोजायचं आणि ती कुठून निसटते ते कान लावून ऐकायचं. तेल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व. कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. माझ्याकडे सगळे १० टक्क्यांच्या आत होते. तेल खाण्याचं प्रमाण मी आधीच मोजलं होतं: डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत भरून १,००० किलोमीटर, आणि पातळी जेमतेम हलली होती.

बिघाड दोन निघाले. सकाळी गार गाडी चालू केली की दीड-दोन सेकंद साखळी खुळखुळल्यासारखा आवाज यायचा. मी त्याकडे वर्षभर कानाडोळा केला होता. टायमिंग चेनचा ताण धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तो थकला किंवा चेन लांबली की तेल वर येईपर्यंत चेन सैल राहते. स्कॅनरमध्ये कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) कोनाचा आकडा कंपनीच्या मर्यादेच्या काठावर होता. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टचा मेळ बिघडल्याचा पी००१६ हा कोड अजून आलेला नव्हता, पण तो येईपर्यंत थांबणं धोक्याचं. अशा इंजिनात चेनने दात सोडले की व्हॉल्व पिस्टनवर आपटतात, आणि मग निर्णय तुमच्या हातात राहत नाही.

दुसरा बिघाड कार्बनचा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ त्यांवर थापली जाते. कॅमेरा आत घातला तर व्हॉल्वच्या दांड्यांवर चुलीच्या भांड्यासारखी काजळी. अक्रोडाच्या कवचाचा भुसा दाबाने मारून ती काढतात. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी हे काम होत नाही, कारण ते औषध तिथपर्यंत पोहोचतच नाही.

एकूण यादी अशी झाली. नळी आणि माउंटिंग ११,०००. चेन, टेन्शनर, गाइड आणि सील मजुरीसह ६२,०००. कार्बन १४,०००. शॉकअप, लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड ४४,०००. चार टायर ३४,०००. बेरीज १,६५,०००. गाडीचा बाजारभाव तेव्हा सव्वाचार लाख.

घरी हा कागद दाखवल्यावर पहिला प्रश्न अपेक्षित तोच आला: सव्वाचार लाखांच्या गाडीत एक लाख पासष्ट हजार घालायचे? मीही दोन रात्री याच गुणोत्तराशी झगडलो. मग जाणवलं की तुलनाच चुकीची आहे. दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या भावाशी लावून बघायचा प्रसंग अपघातात येतो, जिथे खर्च विम्याच्या आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. मला गाडी विकायची नव्हती, चालवायची होती. मग तुलना दुसऱ्या गाडीच्या वर्षाच्या खर्चाशी हवी.

१,६५,००० रुपये चार वर्षांवर पसरले तर वर्षाला ४१,२५०. वर्षाला माझे १२,००० किलोमीटर होतात, म्हणजे किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या आत. आता समोर नवी गाडी ठेवू, १५ लाख एक्स-शोरूम, रस्त्यावर येईपर्यंत १८ च्या आसपास. १२ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता २४,९१० च्या आसपास, आणि नुसत्या पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे १ लाख. वर्ष उलटताच विम्याच्या हिशेबात गाडीचा घसारा २० टक्के धरला जातो, म्हणजे आणखी ३ लाख. पहिल्याच वर्षी ४ लाख, आणि गाडीने एकही घाट वेगळा चढलेला नाही.

आकडे तुमचे तुम्ही मांडा. एक खबरदारी घ्या: जुन्या गाडीच्या बाजूला दर वर्षी एक अनपेक्षित खर्च धरा. मी ४०,००० धरले. तरीही पारडं माझ्या गाडीकडेच राहिलं.

कुठे मी विकली असती

लीकडाउनमध्ये रिंगा गेलेल्या निघाल्या असत्या तर. चॅसीच्या रेल, सस्पेन्शनचे टॉवर किंवा दाराखालच्या सिलमध्ये गंज पोखरत गेलेला दिसला असता तर. कोकणपट्टीत वाढलेल्या गाड्यांचं हे मुद्दाम बघा, गाडी लिफ्टवर घेऊन, रंगाच्या फुगाऱ्यावर स्क्रूड्रायव्हर टोचून. इंजिन बदलता येतं, सांगाडा नाही. मोठ्या अपघातानंतर ओढून सरळ केलेली गाडी असती तरीही मी ती ठेवली नसती. वेगात चालवायच्या गाडीत सांगाड्यावर शंका नको.

सुट्या भागांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो पैसे घालायच्या आधी सोडवायचा. फियाटची १.४ लिटर टी-जेट इंजिनाची लिनिया किंवा २०१५ ची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो घ्या. या गाड्या आपल्या रांजणगावला बनल्या, पण फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवून काही वर्षं झाली. अशा गाडीत इंजिनाचे झिजणारे भाग सहसा मिळून जातात, कारण तेच भाग जगभर इतर गाड्यांत वापरलेले असतात. अडतं ते हेडलॅम्प, बंपर, काच आणि त्या मॉडेलपुरत्या असलेल्या खास पार्टवर. निर्णयाआधी असा एखादा पार्ट खरोखर किती दिवसांत येतो ते दुकानात विचारून बघा. उलट बाजूही आहे. स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या भारतासाठी २०२० मध्ये फक्त २०० गाड्या ठेवल्या होत्या. असं काही दारात असेल तर नुसत्या बाजारभावाच्या गुणोत्तरावर ते सोडू नका, परत मिळायचं नाही.

वयाचं गणितही मांडून ठेवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, शुल्क आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. माझ्या गाडीची पंधरा वर्षं २०२९ ला भरतात. मी धरलेल्या चार वर्षांना हा टप्पा येऊन लागतो, म्हणून त्या वर्षी सगळा हिशेब पुन्हा करायचा असं घरी कबूल केलं आहे.

आणि विकून दुसरी जुनी टर्बो गाडी घेणार असाल तर हीच सगळी तपासणी तिच्यावर आधी करून घ्या. गार चालू करताना स्वतः हजर राहा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेली गाडी असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, असं सांगा. ओळखीचा आजार असलेली गाडी देऊन अनोळखी आजाराची गाडी घरी आणणं मला कधीच पटलेलं नाही.

ताकद वाढवायची तर

मला मोह होता आणि आहे. पण क्रम असा: आधी गाडी कारखान्यातून निघाली तशी होऊ द्या. नव्या बुशांनी आणि शॉकअपनी माझी गाडी वळणात जशी बसायला लागली, तशी ती मी विकत घेतली तेव्हाही नव्हती. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, माझ्या जुन्या टायरवर २३१७ होतं, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, रबर मात्र लाकूड झालं होतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा कोरा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना पेडल मऊ पडत गेलेलं ज्याने अनुभवलंय त्याला हा फरक वेगळा सांगायला नको. चांगले ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल, मग वाढीव ताकदीचा विचार.

रीमॅप करायचाच असेल तर आधी दाबाची तपासणी स्वच्छ, कॉम्प्रेशन स्वच्छ, चेन नवी हवी, आणि क्लचसाठी वेगळे पैसे बाजूला. लाख किलोमीटरचा क्लच वाढलेल्या टॉर्कला घसरतो. ऑक्टेनचा (पेट्रोल अवेळी न पेटण्याच्या क्षमतेचा) नियमही पाळावा लागेल. ज्या इंधनावर ट्यून केलं त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलं की इंजिन नॉक करतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसतात, आणि संगणक वाढवलेली ताकद काढून घेतो.

कायद्याबाबत कुणाच्या तोंडी भरवशावर राहू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करायला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो, तेव्हा नेमकी मदत हवी असते. मी म्हणूनच रीमॅप केला नाही. गाडी कारखान्याच्या आकड्यांवर आहे, आणि ते आकडे आता ती पूर्ण देते.

काम होऊन नऊ महिने झाले. गेल्या महिन्यात मे महिन्याच्या दुपारी, शिरवळपर्यंत ट्रॅफिकमध्ये तापलेल्या इंजिनाने खंबाटकी चढलो. बायको पुन्हा शेजारी, हातात मोबाईल. उसाच्या हंगामाचे ट्रक नव्हते, पण सिमेंटचा एक टँकर होता. तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली. "एक पॉइंट बहात्तर," ती म्हणाली, "आणि मिळतंय एक पॉइंट एकाहत्तर." टँकर मागे पडला. माउंटिंगचं रबर आणि ती नळी दर सर्व्हिसला खालून बघायची, असं मी सर्व्हिसच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.